चाळीस हजारांची जाहिरात आणि अण्णांचं कॅलेंडर

पत्र (थोडक्यात) : मॅडम, मी सांगोला तालुक्यातला. पंढरपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली. घरी तीन एकर डाळिंब आहे. वर्षभर खपून मी डाळिंब उत्पादकांसाठी एक ॲप बनवलं. बाजारभाव, हवामान, फवारणीची नोंद, औषधांची माहिती, खरेदी-विक्री, गप्पांचा ग्रुप असं सगळं त्यात आहे. एका सीनियरच्या अकाउंटवरून ते प्ले स्टोअरवर टाकलं. २१२ जणांनी डाउनलोड केलं, पण आता रोज पाच-सहा जणच उघडतात. एक एजन्सी चाळीस हजारांत दहा हजार डाउनलोड आणि पाच स्टारचे रिव्ह्यू देते म्हणते. ऑगस्टमध्ये कॅम्पस (कॉलेजात नोकरीसाठी होणाऱ्या मुलाखती) सुरू होईल. इन्स्टाग्राम तेरा माणसांनी उभं केलं आणि १०० कोटी डॉलरला विकलं, मग मी कॅम्पस सोडून दोन वर्षं यालाच दिली तर? अण्णा (वडील) म्हणतात, आधी नोकरी. ते तर माझं ॲपसुद्धा वापरत नाहीत, फवारणी अजून भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहितात. काय करू?

प्रिय मित्रा,

सगळ्यात आधी पैशांचं, कारण ते तातडीचं आहे. एजन्सीला एक रुपयाही देऊ नकोस. विकत घेतलेले डाउनलोड आणि रिव्ह्यू गूगल प्लेच्या नियमांत बसत नाहीत. सापडलं की ॲप काढून टाकतात, आणि प्रकरण वाढलं तर अकाउंटच बंद होतं. तुझं ॲप सीनियरच्या अकाउंटवर आहे, म्हणजे तुझ्यापायी त्याचीही सगळी ॲप्स जातील. आणि समज, काहीच सापडलं नाही, तरी हाती काय लागेल? दहा हजारांचा आकडा दिसेल, रोज उघडणारे मात्र तेच पाच-सहा राहतील. चाळीस हजार म्हणजे तुमच्या बागेतल्या फवारण्यांचा केवढा खर्च, हे मी तुला सांगायला नको.

तुझं ॲप मी माझ्या फोनवर घेऊन पाहिलं. उघडताच त्याने माझे कॉन्टॅक्ट मागितले, मग लोकेशन, मग ओटीपी. पुढे सहा चौकोन आले. फवारणीची नोंद चौथ्या चौकोनात, आणि ती करायला मला अकरा वेळा बोट लावावं लागलं. औषधांची यादी इंग्रजीत होती. मेहनत दिसते, कोड नीट चालतो, कुठे अडकला नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने एकट्याने एवढं करणं सोपं नाही आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण अण्णा ते का वापरत नाहीत, तेही मला तिथेच कळलं.

त्यांच्याबद्दलचं ते वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंस. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच वाटलं. फवारणी करून माणूस घरी येतो तेव्हा हाताला औषधाचा वास असतो, अंग आंबलेलं असतं. अंघोळ करून तो भिंतीपाशी जातो, दोऱ्याला बांधलेलं पेन उचलतो आणि त्या तारखेच्या चौकोनात लिहितो : कोणतं औषध, किती मिली, किती बॅरल. अर्ध्या मिनिटात काम संपतं. कॅलेंडर ओटीपी विचारत नाही, रेंज गेली म्हणून बंद पडत नाही, आणि घरातल्या कुणालाही वाचता येतं. तुझी स्पर्धा दुसऱ्या कुठल्या ॲपशी नाही, त्या कॅलेंडरशी आहे, आणि सध्या कॅलेंडर पुढे आहे.

मग कॅलेंडरला काय जमत नाही, ते शोध. अण्णांना विचार : मागच्या बहाराला (फळांच्या हंगामाला) तेल्या रोग आला तेव्हा त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत काय मारलं होतं? ते जुनं कॅलेंडर आहे का, की जानेवारीत रद्दीत गेलं? एकच औषध लागोपाठ किती वेळा पडलं? शेवटच्या फवारणीनंतर तोडणीला किती दिवस सोडले, हे व्यापाऱ्याने विचारलं तर दाखवता येतं का? युरोपला डाळिंब पाठवणाऱ्या बागांची नोंदणी अपेडाच्या (शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अनारनेट प्रणालीवर होते, आणि तिथे औषधाच्या अंशाचा प्रश्न आला की फवारणीच्या नोंदी लागतात. पुढच्या भिंतीवर लटकलेला बारा पानांचा कागद इथे कमी पडतो. तुझ्या ॲपला जागा आहे ती इथेच.

म्हणून माझं म्हणणं असं : सहापैकी पाच चौकोन काढून टाक. बाजारभाव सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावरही मिळतात आणि सौदे संपायच्या आत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. तिथे तू त्यांच्या पुढे जाऊ शकणार नाहीस. हवामान प्रत्येक फोनमध्ये आहे. गप्पांच्या ग्रुपला गप्पा मारणारी माणसं लागतात, ती आज तुझ्याकडे नाहीत. आणि औषधांचा सल्ला तर अजिबात ठेवू नकोस. चुकीच्या मात्रेने एखाद्याची बाग जळली तर ती जबाबदारी तुला पेलणार नाही. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शिफारशी देणं हे त्यांचं काम. तू फक्त नोंद ठेव. ती बोलून करता आली पाहिजे, नाहीतर औषधाच्या बाटलीचा फोटो काढून. इंटरनेट नसताना झाली पाहिजे, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनवर चालली पाहिजे.

हे काढून टाकणं तुला जड जाईल, मला कल्पना आहे. त्या पाच चौकोनांत तुझ्या रात्री गेल्या आहेत. पण तू ज्या इन्स्टाग्रामचं नाव घेतलंस, त्याची सुरुवात बर्बन नावाच्या ॲपने झाली होती. कुठे आहोत ते सांगणं, भेटी ठरवणं, फोटो, असं बरंच काही त्यात होतं. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी पाहिलं की लोक त्यातले फोटोच तेवढे वापरतात. बाकी जवळजवळ सगळं त्यांनी काढलं आणि ऑक्टोबर २०१०मध्ये इन्स्टाग्राम आणलं. आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. सिस्ट्रॉम आधी पदवीधर झाला, गूगलमध्ये नोकरी केली, आणि बर्बनचं काम सुरू केलं तेव्हा तो दुसऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोड लिहायचा. २०१२मध्ये फेसबुकने १०० कोटी डॉलर मोजले, ही गोष्ट त्यानंतरची आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईतल्या कुठल्याही लोकलच्या प्रवाशाला विचार. सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर २०१०मध्ये आलं, तेव्हा त्याचं मुख्य काम लोकलचं वेळापत्रक दाखवणं हेच होतं, तेही इंटरनेटशिवाय. बाकीच्या सोयी मागाहून वाढत गेल्या. बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीचं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ मोबाइल टॉवरच्या आधाराने गाडी कुठे आहे ते सांगतं. नेट लागत नाही, जीपीएस लागत नाही. २०१८मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. दोन्ही ॲप्स फलाटावर उभ्या असलेल्या माणसाने शेजारच्याला दाखवली आणि पसरली. शेजाऱ्याला दाखवावंसं वाटेल असं एकच काम तुझ्या ॲपने करायला हवं.

आता प्रसिद्धी कशी करायची ते. पहिली पायरी तुला गूगलच्या नियमानेच आखून दिली आहे. सीनियरच्या अकाउंटवर राहू नकोस, स्वतःचं काढ. २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, ओळखपत्राची पडताळणी होते. नव्या वैयक्तिक अकाउंटवरून ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ते चाचणीसाठी वापरावं लागतं. बहुतेक मुलं इथे वर्गातले बारा मित्र गोळा करतात आणि दिवस मोजत बसतात. तू बारा डाळिंबवाले घे. अण्णा, त्यांचे मित्र, एखादा मामा, आणि ज्यांना तू ओळखत नाहीस असे निदान पाच. मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावरचा हंगाम) धरण्याचे हेच दिवस आहेत, पावसाळ्यात तेल्याच्या धास्तीने फवारण्या वाढतात. चौदा दिवसांत प्रत्येकाची दोन-तीन वेळा तरी नोंद व्हायला हवी. त्यांच्या ओट्यावर जाऊन बस. ते ॲप उघडतात तेव्हा तोंड बंद ठेव. कुठे बोट अडतं, कुठे चष्मा वर सरकतो, कुठे ते फोन मुलाच्या हातात देतात, ते वहीत लिही. ‘छान आहे रे’ म्हणतील, ते लिहू नकोस. आपल्या गावचा पोरगा म्हणून सगळेच तसं म्हणतात.

चार आठवड्यांनी एकच आकडा बघ : तू आठवण न करता किती जणांनी स्वतःहून नोंद केली. बारापैकी सात-आठ निघाले तर पुढे जा. दोन निघाले तर प्रसिद्धीचा विचारही नको, पुन्हा ओट्यावर बस.

पुढे गेलास की प्ले स्टोअरच्या पानावर लक्ष दे. नावाला तिथे ३० अक्षरं मिळतात, छोट्या वर्णनाला ८०. आत्ता तुझ्या ॲपचं नाव इंग्रजीत, ‘स्मार्ट’ आणि ‘प्रो’ लावून आहे. सांगोल्यातला कोणता शेतकरी ते शोधेल? तो फोनपुढे बोलतो, ‘डाळिंब फवारणी नोंद’. तेच शब्द नावात यायला हवेत. वर्णन मराठीत लिही, स्क्रीनशॉट मराठीतले लाव, त्यांत तुमच्याच बागेतल्या खऱ्या नोंदी असू देत. रिव्ह्यूला उत्तर देत जा, रागावलेल्याला तर आधी. प्ले कन्सोलमध्ये (ॲप बनवणाऱ्याला गूगल देतं त्या पानावर) क्रॅशचं, म्हणजे ॲप अचानक बंद पडण्याचं प्रमाण १.०९ टक्क्यांच्या वर गेलं की गूगल ॲप कमी लोकांना दाखवू लागतं, म्हणून जाहिरातीआधी बिघाड दुरुस्त करायचे.

बाकीची प्रसिद्धी पायांनी करायची आहे. फवारणी करणारा प्रत्येक जण कृषी सेवा केंद्रात जातो. काउंटरवर क्यूआर कोडचा एक स्टिकर, आणि दुकानदाराला स्वतःला ॲप वापरता येणं. एवढ्याने जे होईल ते फेसबुकच्या जाहिरातीने होणार नाही. रोपवाटिका आहेत, बाजार समितीत सौदे सुरू व्हायची वाट बघत बसलेले शेतकरी आहेत. अण्णा स्वतः नोंद करताहेत असा एका मिनिटाचा व्हिडिओ कर, तुमच्याच बोलीत. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला किसान हे शेतीचं प्रदर्शन भरतं, जमलं तर तिथे नुसतं फिरून ये. स्टॉल घेण्याइतकं ॲप अजून मोठं झालेलं नाही.

कॉन्टॅक्टची परवानगी मागणं आजच बंद कर. फवारणीच्या नोंदीला त्याची गरज नाही, आणि २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की कामापुरतीच माहिती, सांगून आणि संमतीने घ्यावी. चार-पाचशे बागांच्या नोंदी जमल्या की औषधवाले तुझ्याकडे येतील. कोण काय मारतं, कधी मारतं, ही माहिती त्यांना हवी असते. तेव्हा नाही म्हणायची तयारी आत्तापासून ठेव. शेतकऱ्याने ती तुझ्याकडे विश्वासाने ठेवलेली असेल. पैशांसाठी ॲपमध्ये जाहिराती लावायचा मोहही टाळ. पाचशे वापरणाऱ्यांवर त्यातून चहापुरतंही सुटत नाही, आणि अण्णांचं बोट नोंदीऐवजी जाहिरातीवर पडतं.

कॅम्पस सोडू नकोस. तीन एकर डाळिंबाच्या घरात एक वर्ष तेल्याने किंवा मर रोगाने गेलं तर काय होतं, ते तू पाहिलं आहेस. घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार असेल तर ॲपलाही श्वास घ्यायला जागा मिळते. ‘आधी नोकरी’ म्हणताना अण्णा तुझ्या ॲपला नाही म्हणत नाहीत, असं मला वाटतं. त्यांनी पीक हातचं जाताना बघितलं आहे, एवढंच. त्यांच्याशी हे बोल. हेच ॲप शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून नोंदव, म्हणजे वर्षभराचा वेळ हक्काने मिळेल.

मुलाखतीत याचा केवढा उपयोग होतो, हे मी पाहिलं आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने गावातल्या अभ्यासिकेच्या जागा राखून ठेवण्यासाठी ॲप केलं होतं. तीन अभ्यासिका, जेमतेम दोनशे मुलं, कमाई शून्य. पण मुलाखतीत ती अर्धा तास बोलली : मुलं जागा धरून गायब व्हायची, मग तिने काय बदललं, ते का फसलं, पुन्हा काय केलं. सोबतच्या मुलांकडे सांगायला फक्त मार्क होते. तिला नोकरी मिळाली. तुझ्याकडेही सहा महिन्यांनी अशीच गोष्ट असेल. त्यातलं नेमकं काय तुला आवडतं, तेही तोवर कळेल. कोड लिहिताना वेळेचं भान हरपतं की ओट्यावर बसून लोकांची अडचण समजून घेताना? दुसरं असेल तर प्रॉडक्ट आणि डिझाइनच्या कामाकडे बघ. नाशिकची सह्याद्री फार्म्स, बंगळुरूची क्रॉपइन अशा शेतीशी जोडलेल्या संस्थांना कोड आणि बाग दोन्ही कळणारी माणसं लागतात, आणि ती सहज मिळत नाहीत.

एक गोष्ट मात्र कॅम्पसच्या आधी उरक. अकाउंट तुझ्या नावावर, ॲपचं हस्तांतर सीनियरकडून पूर्ण, आणि कोडच्या तारखांसकट प्रत जपून ठेवलेली, हे सगळं जुलैअखेर व्हायला हवं. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल आणि तू बनवलेल्या गोष्टींच्या मालकीबद्दल कलम असतं, काही ठिकाणी फार कडक. ऑफर लेटर हाती आलं की सही करायच्या आधी मला पाठव. ते कलम आपण दोघं मिळून वाचू, अण्णांनाही सोबत बसव.