पाऊण तासाचे साडेचारशे, म्हणजे लुबाडणूक काय?

प्रश्न : दादा, आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, आणि नेमकं पाणी सुटायच्या दिवशीच जमिनीतल्या पाण्याच्या संपमधनं वरच्या टाकीला जाणाऱ्या लाईनीचा व्हॉल्व्ह गळायला लागला. प्लंबरला फोन केला, तो आला, पाऊण तासात व्हॉल्व्ह बदलला आणि मटेरियल सोडून नुसत्या मजुरीचे ४५० रुपये घेतले. म्हणजे तासाला ६०० झाले की ओ! माझे मिस्टर उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, वीस वर्षं सर्व्हिस झाली, त्यांचा महिन्याचा पगार तासावर काढला तर याच्या पाव पण पडत नाही. हे बरोबर आहे काय?
– एक गृहिणी, टिळकवाडी

उत्तर : ताई, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण ज्या तासानं भागलंय तो तास चुकलाय. तुम्हाला दिसला तो पाऊण तास, पण तो माणूस कुठल्यातरी दुसऱ्या गल्लीतनं आला, व्हॉल्व्हचा साइज बघून परत हार्डवेअरच्या दुकानात गेला, रेल्वे गेटला थांबला असेल, आणि तुमचं झाल्यावर पुढचा फोन येईपर्यंत कुठंतरी चहाच्या गाड्यावर बसला असेल, त्या सगळ्या वेळेचे पैसे त्याला कोण देतंय? कोणी नाही. ते त्या पाऊण तासातनंच निघायला पाहिजेत.

आपण एक हिशोब मांडू, आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. समजा प्लंबरला घरात २४,००० रुपये न्यायचेत, तुमच्या मिस्टरांएवढेच म्हणू. पेट्रोल, गाडीची सर्व्हिसिंग आणि इन्शुरन्स, फोन, ड्रिलचे बिट, रेंच झिजतो, कटर मोडतो, हे धरून महिन्याला ६,००० तरी जातात. आजारपणाला हजार बाजूला. आणि आपल्याकडचा पाऊस, सणवार, गावची जत्रा, यात जे दिवस बुडतात त्याला दोन हजार. झाले ३३,०००. आता तो महिन्याला २२ दिवस काम करतो आणि दिवसाला सरासरी चार तासच प्रत्यक्ष पाना हातात असतो असं धरलं तर ८८ तास झाले. ३३,००० भागिले ८८, म्हणजे तासाला ३७५. आणि मिस्टरांचे २४,००० भागिले २६ दिवस आणि आठ तास केले की ११५ च्या आसपास येतात. बघा, एकाचा तास ३७५ चा आणि दुसऱ्याचा ११५ चा, पण दोघंही घरात तेवढेच पैसे घेऊन येतात! तासावर तुलना केली की माणूस फसतो ते असं.

शिवाय मिस्टरांच्या पगाराबरोबर न दिसणारं पण काहीतरी येत असणार. पीएफमध्ये मालक बेसिकच्या १२ टक्के भरतो, सर्व्हिस सोडताना दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराच्या हिशोबानं ग्रॅच्युइटी मिळते, आठवड्याची सुट्टी असते. प्लंबरचा हात मोडला तर त्या दिवसापासनं शून्य. २०२३ ला कारागिरांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना आली, अवजारांना १५,००० आणि ट्रेनिंगच्या दिवसाला ५०० असं चांगलं आहे ते, पण त्यातल्या १८ धंद्यांत सुतार आहे, लोहार आहे, गवंडी आहे, कुंभार आहे, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नाहीत. म्हणजे ड्रिल मशीन घ्यायची तर स्वतःच्या खिशातनंच.

माझे आजोबा कडोलीकडचे सुतार. त्यांच्या वेळी तासाचा प्रश्नच नव्हता, नांगर, कुरी, गाडीचं चाक वर्षभर नीट ठेवायचं आणि सुगीला खळ्यावर प्रत्येक घराकडनं बलुतं मिळायचं, कमी-जास्त होत असणार, पण पाऊण तास लागला का पाच मिनिटं हे कोणी मोजत नव्हतं. वडील शहरात आले आणि हजेरीवर गेले. खंडेनवमीला ते रंधा, पटाशी, करवत पाटावर मांडून हळदकुंकू लावायचे, त्यातली एक पटाशी झिजून अर्धी झालेली मला अजून आठवतेय, आणि नवी घ्यायची म्हटलं की आईबरोबर दोन दिवस चर्चा चालायची, कारण ते पैसे घरखर्चातनंच निघणार. तेव्हापासनं कोणी कारागिराची मजुरी काढली की मला पहिल्यांदा ती पटाशी दिसते.

आता तुमच्या ४५० वर सरळ बोलतो. वरच्या हिशोबानं साध्या दिवशी या कामाला तीनशे ठीक होते. पण तुम्ही पाणी सुटायच्या दिवशी बोलावलंत, तेव्हा सगळ्या एरियातनं त्याला फोन चालू असतात, हातातलं दुसरं काम सोडून तो तुमच्याकडं आला असेल तर वरचे दीडशे मला जास्त वाटत नाहीत. मिस्टर जादा थांबले तर ओव्हरटाइम दुप्पट मागतात ना, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासनं तो हक्कच आहे, मग प्लंबरनं अडचणीच्या वेळेचे दीडपट घेतले तर ती लुबाडणूक कशी? त्याची चूक एवढीच की त्यानं आधी सांगायला पाहिजे होतं. रेंच काढायच्या आधी ‘वैनी, मजुरीचे साडेचारशे होतील बघा’ एवढं म्हटलं असतं तर तुम्ही पत्र पण लिहिलं नसतं. पुढच्या वेळेला तुम्हीच फोनवर विचारून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : माझी आई गवंड्याच्या हाताखाली काम करते. वाळूच्या बुट्ट्या ती पण तेवढ्याच उचलते, सकाळी नऊला जाते आणि सहाला सुटते, पण गडीमाणसाला जेवढा पगार मिळतो त्यापेक्षा तिला रोजचे दीडशे-दोनशे कमी. मेस्त्री म्हणतात बाईमाणसाचा रेट तसाच असतोय. खरंच तसं आहे काय?
– बीकॉमची विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : नाही. आणि हे मला मनापासनं लागतं, कारण मोठ्या माणसांच्या रेटवर सगळे भांडतात आणि सगळ्यात खाली जी बाई बुट्टी उचलते तिच्या रेटबद्दल कोणी विचारत पण नाही. सारख्या कामाला बाई-पुरुषांना सारखी मजुरी हा कायदा १९७६ पासनं आहे. ‘रेट तसाच असतोय’ म्हणजे सगळे मिळून तो मोडतात एवढाच त्याचा अर्थ. खानापूरकडचे पुरुष चार पैसे जास्त मिळतात म्हणून चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला कामाला जातात, बाईला घर, म्हातारी माणसं, जनावरं सोडून जाता येत नाही, आणि मेस्त्रीला हे चांगलं माहीत असतंय. तिची अडचण हाच त्याचा रेट होतोय.

आईला मेस्त्रीबरोबर एकटीनं भांडायला लावू नकोस, उद्या काम जाईल. त्याच साइटवरच्या चार-पाच बायकांनी मिळून बोलणं वेगळं पडतं. दुसरं एक काम तू आजच कर बाळ, कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात आईची नोंदणी आहे का बघ. वय १८ ते ६० मध्ये पाहिजे आणि आधीच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेलं पाहिजे. साठीनंतरची पेन्शन, अपघाताची मदत, मुलांच्या शिक्षणाला पैसे, हे सगळं त्यातनं असतं, आणि हा पैसा कोणाची मेहरबानी नव्हे, बांधकामाच्या खर्चावर जो सेस म्हणजे उपकर घेतात त्यातनंच हे मंडळ चालतं, म्हणजे तुझ्या आईच्या घामाचाच तो भाग आहे. आणि जे घर बांधून घेतायत त्यांना पण माझं सांगणं आहे, मेस्त्रीला गुत्तं, म्हणजे ठेका, दिलं म्हणजे तुमचं काम संपलं नाही, बायकांच्या हातात किती पडतात हे एकदा उभं राहून विचारा.

प्रश्न : मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. लोक मजुरी म्हटली की तोंड वाकडं करतात, म्हणून मी मजुरी कमी सांगतो आणि वायर-स्विचच्या बिलात थोडं वाढवून घेतो, दुकानदार पण कमिशन देतोय. सगळेच करतात. चूक आहे काय?
– निपाणी

उत्तर : हो भावा, चूक आहे. आणि नुकसान तुझंच जास्त आहे, कारण दोन वर्षं आयटीआयला घालवून शिकलेल्या हाताची किंमत तू स्वतःच लपवतोयस, गिऱ्हाईकाला वाटतंय मजुरी दीडशेच असते, मग उद्या खरी सांगणारा दुसरा पोरगा आला की तो चोर ठरतो. आणि बॉक्सवरची एमआरपी गिऱ्हाईक मोबाईलवर बघतंय आता, एकदा कळलं की ते घर कायमचं गेलं.

नवीन वायरिंग असेल तर पॉइंटवर, म्हणजे एका दिव्याला किंवा प्लगला इतके असा, रेट सांग, ते सगळ्यांना कळतं. पण फॉल्ट शोधायचं काम पॉइंटवर घेऊ नकोस, तिथं व्हिजिट चार्ज ठेव, त्यात पहिला अर्धा तास, पुढं तासाला इतके, आणि मटेरियल गिऱ्हाईकानंच बिलावर आणावं. दहा मिनिटात फॉल्ट सापडला तरी व्हिजिटचे पूर्ण घे, संकोच करू नकोस, जो नवशिक्या तीन तास बोर्ड उघडत बसेल त्याला जास्त देणं कुठला न्याय? हे सगळं एका कार्डावर मराठी आणि कन्नड दोन्हीत छापून घे, आणि निघायच्या आधीच व्हॉट्सअॅपला टाकत जा. पहिल्या महिन्यात दोन-चार गिऱ्हाईकं कमी होतील, त्याची तयारी ठेव.