एज ऑफ एम्पायर्स ३ मधून २ मधल्या इतक्या गोष्टी का काढल्या, आणि तरीही तो खेळावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: एज ऑफ एम्पायर्स २, म्हणजे माल गोळा करून वस्ती वाढवायची आणि फौज उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम, तुम्ही वर्षानुवर्षं खेळलात, आता ३ हातात घेतला तर त्यात दगड नाही, माल आणून टाकायचे कॅम्प नाहीत, मंक (साधू) समोरच्याची माणसं फितवत नाही. जुने खेळाडू यावरून अजूनही भांडतात. मग एवढं सगळं काढलं कशाला, आणि तरी तो खेळावा का?

खेळावा. का ते सविस्तर सांगतो, कारण या भांडणात मी आधी एका बाजूनं आणि नंतर बऱ्यापैकी दुसऱ्या बाजूनं भांडलोय.

२००७-०८ च्या सुमाराला मी धुळ्यात डिप्लोमा करत होतो. देवपुरात एक सायबर कॅफे होता, सहा मशीनचा. चालवणाऱ्यांना आम्ही सगळे जिभाऊ म्हणायचो. १९९९ चा २ आणि त्याला जोडून आलेला २००० सालचा विस्तार 'द कॉन्करर्स' सहाही मशीनवर पळायचा. ३ आला होता २००५ मध्ये, पण त्याचं पाणी, तोफगोळ्यानं उडणारे भिंतींचे तुकडे, हे सगळं पेलायला ग्राफिक्स कार्ड लागायचं आणि ते तीनच मशीनला होतं. त्यामुळे गट आपोआप पडले. तीन मशीनवर नवे, तीन मशीनवर आम्ही जुने. माझा मित्र, त्याला बापू म्हणतो, त्या नव्यांत होता. मला जेव्हा पहिल्यांदा ३ समोर बसवलं तेव्हा मी पाच मिनिटं नकाशा पालथा घातला आणि ओरडलो, 'दगड कथा गया भो?' जिभाऊंसकट सगळा कॅफे हसला. मला मात्र खरोखर धक्का बसला होता. दगडाशिवाय कासल, म्हणजे किल्ला, कसा बांधायचा?

पण दगडाकडे नंतर येतो. आधी शेताबद्दल बोलतो, कारण चोपडा तालुक्यात आमची केळी आणि कपाशी आहे आणि या भांडणातली खरी गाठ मला शेतापाशीच सुटली.

२ मध्ये एक शेत ६० लाकडाचं. मूळ १७५ फूड देतं आणि संपतं. सुरुवातीच्या गेममध्ये संपलेलं प्रत्येक शेत आपण स्वतः जाऊन पुन्हा लावायचं. वीस शेतं असली आणि तिकडे लढाई पेटली, की परत येऊन बघावं तर अर्धे व्हिलेजर, म्हणजे आपली कामकरी माणसं, हात बांधून उभे. 'द कॉन्करर्स'नं मिलमध्ये आगाऊ शेतं भरून ठेवायची सोय दिली. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये, म्हणजे नव्यानं सजवलेल्या आवृत्तीत, तर एक बटण दाबलं की शेतं आपोआप लागत राहतात. आता बघा, एवढी मेहनत काढून टाकली तरी जुन्या खेळाडूंनी त्याला गेम बिघडवला असं म्हटलं नाही. का नाही म्हटलं? कारण शेत आपोआप लागलं तरी ६० लाकूड कापलं जातंच. वीस शेतं म्हणजे एका फेरीला १२०० लाकूड. फूड खायचं असेल तर शेवटपर्यंत माणसं जंगलात ठेवावीच लागतात. क्लिक गेली, किंमत राहिली.

मूळ ३ मध्ये किंमतच गेली असं मला वाटलं. ४०० लाकडाची एक मिल, तिच्यावर दहा माणसं, फूड कधीच संपत नाही. ८०० लाकडाचं प्लँटेशन (मळा), त्यावरही दहा माणसं, कॉइन, म्हणजे पैसा, कधीच संपत नाही. सुट्टीत घरी मी ३ लावून बसलो होतो तेव्हा वडील मागे येऊन उभे राहिले. प्लँटेशन बघून त्यांनी विचारलं, 'एकदा लावलं की संपत नाही, असं हे कोणतं पीक?' आमच्याकडे केळीची मृगबाग असो की कांदेबाग, घड उतरले की पुढचा खर्च डोक्यावर असतोच. पील (बुंध्याचा फुटवा) ठेवली तरी खत, पाणी, मजुरी चुकत नाही. मला त्यांचा प्रश्न इतका पटला की पुढच्या सोमवारी मी तोच जसाच्या तसा बापूच्या तोंडावर मारला.

बापूनं वाद घातला नाही. वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. युरोपीय सेटलर (३ मधला व्हिलेजर), कुठलंही अपग्रेड नसताना, शिकार करतो ती सेकंदाला ०.८४ फूड. मिलवर त्यालाच ०.६७ मिळतं. खाणीतून कॉइन ०.६, प्लँटेशनवर ०.५. लाकूड ०.५, म्हणजे ते गोळा करणं सगळ्यांत संथ कामांपैकी एक. 'आता सांग,' तो म्हणाला, 'शिकार संपत चालली आणि समोरचा घोडे घेऊन फिरतोय. लांबच्या कळपाकडे माणसं पाठवशील, की ह्या महाग लाकडातलं ४०० काढून मिल टाकशील?' मला उत्तर देता येईना. किंमत गेली नव्हती. बी-बियाण्याच्या खात्यातून उचलून ती वेगाच्या आणि जोखमीच्या खात्यात टाकली होती. नैसर्गिक साठा भरभर मिळतो, पण संपतो आणि लांब असतो. मिल आणि प्लँटेशन घराजवळ, सुरक्षित, पण हळू आणि बांधायला महाग. किती लवकर त्यांच्याकडे वळायचं, हा ३ मधला शेतीचा निर्णय. तो २ मधल्यापेक्षा वेगळा आहे, हलका नाही.

माल टाकायच्या कॅम्पचं तसंच. २ मध्ये १०० लाकडाचा लंबर कॅम्प झाडाला खेटून टाकायचा, झाडं मागे सरकली की चालणं वाढतं, मग पुढे दुसरा कॅम्प. व्हिलेजर ओझं घेऊन चालतोय हे दिसतं, आणि ते चालणं कमी करण्यात अर्धा खेळ आहे. ३ मध्ये सेटलर झाडाजवळ उभा राहून तोडतो आणि लाकूड थेट तुमच्या खात्यात. मी म्हणायचो, अंतराचा विचारच मारून टाकला. बापूनं मला कळप हाकणं दाखवलं. बायसनच्या कळपावर ज्या बाजूनं गोळी सुटते, त्याच्या उलट दिशेला कळप पळतो. म्हणून माणसं कळपाच्या पलीकडे न्यायची आणि कळप टाऊन सेंटरच्या, म्हणजे वस्तीच्या मुख्य इमारतीच्या, दिशेनं हाकत आणायचा. म्हणजे धाड आली तर माणसं लगेच आत घालता येतात. चुकीच्या बाजूनं एक गोळी मारली, की कळप शत्रूच्या दिशेनं निघाला. मी ते पहिल्या दिवशी तीनदा केलं. चांगला खेळाडू कोण आणि कच्चा कोण, हे ३ मध्ये पहिल्या दोन मिनिटांत कळप कुठे उभा आहे यावरून ओळखता येतं. अंतराचा विचार होता तिथेच आहे.

मंक आणि रेलिकवर जास्त बोलत नाही. २००५ च्या मूळ ३ मध्ये प्रीस्ट जखमी सैनिक बरे करतो, समोरच्याचा हत्ती आपल्याकडे वळवत नाही, आणि रेलिक (पवित्र अवशेष) आणून ठेवून सोनं पिकवणंही नाही. मला त्याची आठवण येते. पण त्या जागी नकाशा धुंडाळणारा एक्सप्लोरर आणि नकाशावर राखणदार बसवलेले खजिने आले, आणि सुरुवातीच्या मिनिटांत त्यांच्यामागे पळण्यातही मजा आहे. २ मधली फौजेच्या रचनेची चार बटणंही गेली, त्याऐवजी व्हॉली (एकदम गोळीबार), मेली (हातघाई), कव्हर (बचाव) असे लढायचे प्रकार आले. बंदुकीच्या काळाला ते जास्त शोभतात असं माझं मत आहे.

आता दगड. इथे मी आजही जुन्यांच्या बाजूला आहे आणि बापूला माझं पटलेलं नाही.

धुळ्याहून नाशिकला जाताना एसटीच्या खिडकीतून लळिंगचा किल्ला दिसतो. खाली आग्रा रोड, वर किल्ला. तो तिथे का बांधला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही, रस्ता बघितला की कळतं. थाळनेरचा किल्ला तापीच्या काठावर. असीरगड पडला १६०१ मध्ये आणि त्याबरोबर खान्देशातली फारुकींची सत्ता संपली, कारण दख्खनचा रस्ता तो गड धरून बसला होता. आम्ही हे बघत, ऐकत मोठे झालो. किल्ला म्हणजे जागा, हे डोक्यात बसलेलं.

२ मध्ये हे खेळात होतं. कासलला ६५० दगड. दगडाच्या खाणी नकाशावर मोजक्या आणि ठरावीक ठिकाणी. समोरच्याचा स्काउट (टेहळ्या) येऊन बघतो, माझे सहा व्हिलेजर दगडावर लागलेत, आणि तो ओळखतो की आता कासल येणार. मग तो त्या सहा जणांवर धाड घालतो. तीन मेले की माझा कासल दोन मिनिटं लांबतो, आणि त्या दोन मिनिटांत गेम फिरतो. पुन्हा तोच दगड नव्या टाऊन सेंटरलाही लागतो, मनोऱ्यालाही, भिंतीलाही. कशावर घालवायचा हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं.

३ मध्ये साधनं तीनच: फूड, वूड, कॉइन. मनोरे आणि भिंती लाकडात होतात, नवं टाऊन सेंटरही लाकडातच. किल्ला हवा असेल तर होम सिटीतून, म्हणजे मायदेशातल्या आपल्या शहरातून, त्याचं कार्ड (मदतीची खेप) मागवायचं, गाडी येते, ती जिथे नेऊन उभी कराल तिथे किल्ला. बापू म्हणतो, कार्ड निवडणं हाही निर्णयच, किल्ला मागवलास म्हणजे तेवढ्या वेळात फौज मागवली नाहीस. खरं आहे. पण गाडी येईपर्यंत माझा किल्ला येतोय हे समोरच्याला नकाशावर कुठेही दिसत नाही आणि मागवलेलं कार्ड वाटेत अडवताही येत नाही. शिकार आणि खाणीच्या बाबतीत ३ नं जुना निर्णय नव्या जागी नेला, दगडाच्या बाबतीत तो जमिनीवरून उचलून मेनूत ठेवला. माझी तक्रार एवढीच, पण ती पक्की आहे. २०२१ च्या ४ मध्ये दगड परत आला आणि माल टाकायचे कॅम्पही परत आले, तेव्हा मी बापूला रात्री अकरा वाजता फोन केला होता.

होम सिटीवरून आठवलं. काढलेल्या गोष्टींवर सगळे भांडतात, पण ३ चं माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान एका नव्या टाकलेल्या गोष्टीनं केलं. होम सिटी खेळून खेळून लेव्हल चढवायची, तेव्हा एकेक चांगलं कार्ड उघडायचं. तेव्हा वीस कार्डांचा डेक (निवडलेला संच) असायचा. तुमचं शहर चाळिसाव्या लेव्हलचं आणि माझं पाचव्या, तर आपण समान खेळत नसतोच. आमच्या कॅफेत तर शहराची फाइल त्या त्या मशीनवर राहायची. कोपऱ्यातल्या मशीनवर रोज बापू बसायचा, म्हणून तिथलं शहर श्रीमंत. त्या खुर्चीसाठी आम्ही लेक्चर बुडवून लवकर यायचो. शेवटी एकानं शहराची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तिन्ही मशीनवर टाकली आणि जिंकण्या-हरण्याला पुन्हा अर्थ आला. २०२० च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सगळी कार्डं पहिल्यापासून उघडी असतात. ही लेव्हलची भानगड काढली हे उत्तमच झालं, आणि त्याबद्दल रडणारा जुना खेळाडू मला तरी भेटलेला नाही.

म्हणून तुम्ही हे भांडण वाचाल तेव्हा प्रत्येक काढलेल्या गोष्टीला वेगळं विचारा: तिच्याबरोबर कोणता निर्णय जायचा, आणि तो दुसरीकडे कुठे उगवलाय का? शेत, कॅम्प, रचना यांची उत्तरं ३ मध्ये सापडतात, थोडं शोधावं लागतं. दगडाचं मला सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर खाली नक्की लिहा, मी बापूला दाखवीन.

घ्यायचा तर डेफिनिटिव्ह एडिशनच घ्या. २ मधून येताय तर आधी ब्रिटिश निवडा. त्यांचं मॅनर हाउस १३५ लाकडाचं आहे आणि प्रत्येक घराबरोबर एक सेटलर मिळतो, म्हणजे घरं बांधत गेलात की बूम होत जातो, वस्ती भराभर वाढते. २ मधली सवय इथे उपयोगी पडते. पहिले चार-पाच गेम कॉम्प्युटरविरुद्ध खेळा आणि त्यात जिंकायचं मनावर घेऊ नका. फक्त एक काम करा: कळपाच्या पलीकडे जाऊन गोळी मारा आणि तो टाऊन सेंटरच्या दारात आणून उभा करा. ते जमलं की मग ऑनलाइन या. रविवारी रात्री नऊनंतर बापू आणि मी असतोच, एक गेम २ चा आणि एक ३ चा.