पाचशे फ्रेझल वर्ब्ज पाठ करूनही वापरता येत नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की सातपूर एमआयडीसीत डिस्पॅचला काम करता, ग्राहकांचे मेल इंग्रजीत येतात, पाचशे फ्रेझल वर्ब्जची (म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, इन्टू असा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणारी ‘कॉल ऑफ’सारखी क्रियापदं) पीडीएफ दोनदा पाठ केली, तरी मेल वाचताना अडखळायला होतं आणि लिहायला बसलं की एकही आठवत नाही.

ती पीडीएफ बाजूला ठेवा. तुमच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही, यादीची मांडणीच चुकीची असते. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट बाय अशी एकाखाली एक सारख्या तोंडवळ्याची वीस वर्ब्ज एका बैठकीत घोकली की त्यांची सरमिसळ होणारच. पाचशेची गरजही नाही. गार्निए आणि श्मिट या संशोधकांनी २०१५ साली सर्वांत जास्त वापरात असलेल्या १५० फ्रेझल वर्ब्जची यादी काढली. त्यांचे मुख्य अर्थ भरले २८८, म्हणजे एकाचे साधारण दोन. कामकाजाला एवढी शिदोरी पुष्कळ आहे.

खरी गोम वेगळीच आहे. यादी अर्थ देते, पण ते वर्ब कशाला लावायचं हे सांगत नाही. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे एवढंच डोक्यात असेल तर माणूस ‘कॉल ऑफ द तिकीट’ लिहून मोकळा होतो. इंग्रजीत कॉल ऑफ होते ती मीटिंग, मॅच, संप, ठरलेलं लग्न. तिकीट कॅन्सलच होतं. आणि तुमच्या खात्यात तर याच शब्दाचा उलटा अर्थ आहे. ब्लँकेट ऑर्डर, म्हणजे एकदाच मोठी ऑर्डर देऊन माल लागेल तसा मागवायचा करार, असलेला परदेशी ग्राहक ‘वुई वुड लाइक टु कॉल ऑफ २०० पीसेस’ असं लिहितो तेव्हा तो त्या मोठ्या ऑर्डरमधले २०० नग पाठवायला सांगत असतो. रद्द समजून माल अडवून ठेवलात तर पलीकडे त्याची लाइन थांबेल. म्हणून वर्ब कधी एकटं लिहून ठेवू नका, पूर्ण वाक्य लिहा, आणि तेही तुमच्या कामातलं.

नमुन्यादाखल असा मेल घ्या : ‘प्लीज होल्ड ऑफ ऑन द डिस्पॅच अंटिल वुई गेट बॅक टु यू. वुई आर लुकिंग इन्टू द रिजेक्शन.’ होल्ड ऑफ ऑन म्हणजे तूर्त थांबा. ऑर्डर रद्द झालेली नाही, तेव्हा पॅकिंग उसकटू नका. गेट बॅक टु यू म्हणजे कळवतो. कोणी परत येणार नाहीये. लुकिंग इन्टू म्हणजे चौकशी चालू आहे, दोष कोणाचा हे अजून ठरलेलं नाही. दोन ओळींत तीन वर्ब्ज, आणि तिन्हींवर तुमचा पुढचा निर्णय अवलंबून. असे पंधरा-वीस जुने मेल काढलेत तर निम्मा अभ्यासक्रम तुमच्या इनबॉक्समध्येच सापडेल.

लिहिताना सगळ्यात जास्त चूक होते ती इट, देम, हिम, हर यांच्या जागेवर. ‘सेंड बॅक द कार्टन्स’ बरोबर, ‘सेंड द कार्टन्स बॅक’ही बरोबर. पण कार्टन्सच्या जागी देम आलं की ते मधेच बसतं : ‘सेंड देम बॅक’. ‘सेंड बॅक देम’ चूक. तसंच ‘टर्न इट ऑफ’, ‘पुट इट ऑफ’. याउलट लुक इन्टू, लुक आफ्टर, रन इन्टू यांची फारकत होत नाही : ‘लुक इन्टू इट’. कर्म लांबलचक असेल, उदाहरणार्थ पावसात भिजलेली सगळी कार्टन्स, तर ते शेवटी टाका, नाहीतर बॅक कुठल्या कुठे जाऊन पडतं. कुठलं वर्ब कुठल्या जातीचं हे घोकायचं नाही. लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, ‘समथिंग’ हा शब्द कुठे छापलाय तेवढं बघायचं. ‘पुट समथिंग ऑफ’ असेल तर मधे, ‘लुक इन्टू समथिंग’ असेल तर शेवटी.

फोनवर हे शब्द जोडून कानावर येतात. ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ असं ऐकू येतं. म्हणून वाक्य वहीत उतरवताना दोनदा मोठ्याने म्हणा.

अप, आउट, ऑफ यांच्या अर्थावरून अंदाज बांधा असं बरेच शिक्षक सांगतात. काही अंशी खरं आहे. यूज अप, ईट अप यातला अप आपल्या ‘वापरून टाक’, ‘खाऊन टाक’मधल्या टाकसारखा, काम पुरतं संपवणारा. पण ‘द रेन लेट अप’ म्हणजे पाऊस ओसरला! अप असून कमी झाला. तेव्हा या तर्काचा उपयोग लक्षात ठेवायला करा. अनोळखी मेलचा अर्थ लावायला नको. सरावाला गावातली बातमी उत्तम. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकच्या गोदाघाटावर पूर किती चढला हे कळायला सगळे दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, त्यावर लिहा : ‘द वॉटर केम अप टु हिज वेस्ट’, ‘इट वेंट डाउन बाय इव्हनिंग’.

आपल्याकडे सर्रास होणाऱ्या काही चुका. ‘कोप अप विथ’ असं काही नाही, नुसतं ‘कोप विथ’. ‘लुकिंग फॉरवर्ड टु’नंतर मीट नको, मीटिंग हवं. फॉर्म ‘फिल इन’ किंवा ‘फिल आउट’ होतो. आणि ‘आय पास्ड आउट इन २०१९’ हे परदेशी ग्राहकाला लिहू नका, त्याच्या लेखी तुम्ही बेशुद्ध पडलात, ग्रॅज्युएटेड लिहा.

वेळापत्रक : दिवसाला ३, आठवड्यातून ५ दिवस. शनिवारी नवीन काही नाही, फक्त उजळणी. दहा आठवड्यांत १५० होतात. प्रत्येक वाक्य दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी वर्ब झाकून मराठीवरून पुन्हा लिहायचं. नुसतं वाचून ‘हो, येतं’ म्हणायचं नाही, तिथेच फसगत होते. अडलेलं वाक्य दुसऱ्या दिवशीच्या तिनात धरा आणि त्या दिवशी नवीन दोनच घ्या. उजळणी साठत चालली तर नवीन वर्ब्ज सरळ आठवडाभर थांबवा, दहाचे बारा आठवडे झाले तरी हरकत नाही. आणि आजपासूनच, मेल पाठवण्याआधी त्यात इट आणि देम शोधून त्यांची जागा एकदा तपासा.