‘निर्वासित’ म्हणावं की ‘विस्थापित’?

जालन्याच्या एका वाचकांनी विचारलंय : फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या इथल्या कुटुंबांवर लेख लिहिताना त्यांनी ‘निर्वासित’ हा शब्द वापरला आणि त्यांच्यातल्याच एका मित्राला तो लागला. शब्दात कमीपणा आहे का? ‘विस्थापित’ चालेल का?

शब्दाच्या घडणीत कमीपणा मुळीच नाही. निर्वासन म्हणजे राहत्या जागेतून घालवून देणं. निर्वासित म्हणजे घालवून दिलेला. दोष असलाच तर घालवणाऱ्याचा. हिंदीतल्या ‘शरणार्थी’मध्ये मात्र माणूस दारात आसरा मागताना दिसतो. म्हणूनच फाळणीनंतर दिल्लीकडे आलेल्या अनेक पंजाब्यांनी तो शब्द झिडकारला आणि स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मग मित्राला काय लागलं असेल? बहुधा शब्द संपतच नाही, हे. देश सुटला तो आजोबांचा. नातू जालन्यात जन्मला, इथंच शिकला, तरी तो निर्वासितच?

आपल्याकडे असा शब्द गळून पडल्याचंही उदाहरण आहे. १९४७-४८ साली रझाकारांच्या भीतीनं मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. ‘रझाकाराच्या वक्ताला गाव परागंदा झालतं’, असं जुनी माणसं सांगत. परागंदा हा शब्द फारसी, मूळ अर्थ विखुरलेला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर माणसं परतली. त्यांच्या नातवंडांना कुणी परागंदा म्हणत नाही.

ज्यांना परतायला गावच उरलं नाही, त्यांचं निराळं. नाथसागरात गावं गेली ते ‘धरणग्रस्त’, ३० सप्टेंबर १९९३ नंतर किल्लारी परिसरातले ‘भूकंपग्रस्त’. ग्रस्त म्हणजे गिळलेला. धरणानं गाव गिळलं हे खरंच, पण हेच पद ‘रोगग्रस्त’मध्येही बसतं. मोर्चात आणि दाखल्यावर हा शब्द हवासा असतो, कारण सरकारकडची बाकी त्यात नोंदलेली असते. सोयरिकीच्या बैठकीत ‘मूळचे कुठले?’ विचारलं, की तोच माणूस नव्या गावाचं नाव सांगून विषय बदलतो. माघारी ‘पुनर्वसनातले हायत’ ही कुजबुज होऊ नये म्हणून केलेली ही लपवाछपवी. तिचा दोष मी कुजबुजणाऱ्यांना देईन.

‘विस्थापित’ चूक नाही. फाळणीत आलेल्यांच्या नुकसानभरपाईसाठी १९५४ साली केंद्रानं केलेला कायदा विस्थापित व्यक्तींच्याच नावानं आहे. पण धरणामुळे हललेलाही विस्थापितच. देशाची सीमा ओलांडावी लागली, हे त्यातून कळत नाही. ते ‘निर्वासित’मधून कळतं. त्यामुळे ‘१९४७ नंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेली कुटुंबं’ असं जरूर लिहा. आजच्या पिढीबद्दल लिहिताना ‘जालन्यातले सिंधी’ म्हणा, आणि भाषेचा संदर्भ नसेल तिथं नुसतं ‘जालनेकर’.