गुण कमी का पडतात?

प्रश्न : मी एका रुग्णालयात परिसेविका (वॉर्डची प्रमुख परिचारिका) आहे. डिस्चार्जच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्राय अर्जात ‘परिचारिकांचा प्रतिसाद’ या रकान्यात आमच्या वॉर्डला सतत कमी गुण मिळतात, पण त्याचे कारण कळत नाही. अधिसेविकांनी फोकस ग्रुप, म्हणजे काही जणांना एकत्र बसवून एका विषयावर घडवून आणलेली गटचर्चा, घेण्याचे सुचवले आहे. तो मीच घ्यावा का?

उत्तर : तुम्ही घेऊ नये. ज्या सिस्टरच्या हाताखाली उपचार झाले, तिच्या तोंडावर तक्रार करायला रुग्ण सहसा धजावत नाहीत. पुन्हा दाखल व्हावे लागले तर काय, ही धास्तीही असतेच. म्हणून चर्चा चालवणारी व्यक्ती दुसऱ्या विभागातील असावी आणि शक्यतो घरी गेलेल्या रुग्णांनाच बोलवावे. 6 ते 10 जणांचा गट आणि तास-दीड तासाचा वेळ पुरतो. नातेवाईकांचा गट वेगळा ठेवावा, नाहीतर रुग्णाच्या वतीने तेच बोलत राहतात.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 च्या दशकात रेडिओ श्रोत्यांच्या प्रतिक्रिया समजून घेताना ज्या मुलाखतपद्धतीला आकार दिला, तिच्यातून हे तंत्र पुढे आले. त्याचे खरे बळ सहभागींच्या आपापसातील बोलण्यात आहे. समजा, एक जण म्हणाला, ‘बेल वाजवली तरी कोणी येत नाही.’ त्यावर दुसरी म्हणते, ‘येतात हो, पण बेल बंद करून “आलेच” म्हणतात आणि मग किती वेळ लागेल ते कळतच नाही.’ इथे चालकाने मध्ये न पडता तिसऱ्याला बोलू द्यावे, कारण तक्रार उशिराची नसून अनिश्चिततेची आहे, हे अर्जातल्या रकान्याने कधीच सांगितले नसते. मग उपायही बदलतो : मनुष्यबळ वाढेपर्यंत थांबण्याऐवजी ‘दहा मिनिटांत येते’ असे सांगणे, किंवा बेल वाजण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने फेरी मारून वेदना, पाणी, शौचालय यांची विचारपूस करणे.

एका गटावर मात्र निर्णय घेऊ नका. नवे मुद्दे येणे थांबेपर्यंत आणखी गट घ्या आणि ‘इतके टक्के रुग्ण नाराज’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नका, कारण ते काम सर्वेक्षणाचे आहे. परिचारिकांचाही स्वतंत्र गट घ्यावा, अर्थात तोही तुमच्या अनुपस्थितीत. अहवालात नावे नसावीत. तो वाचताना ‘ही कोणाची पाळी होती’ याचा शोध तुम्ही सुरू केलात, तर पुढच्या गटात तुमच्या परिचारिका तोंड उघडणार नाहीत.