ताईला विचारा : कॉमिक कॉनला टेबल लावू का?

यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं कार्टून आणि कॉमिकवर आलीत, मला इतकं भारी वाटलं की या अंकात दुसरं काहीच घेतलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची आहे. पप्पा चादरीच्या कारखान्यासाठी जेकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाईन काढतात, मी लहानपणापासून कार्टून काढते. हैदराबादच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या मेळ्यात, विक्रीचं टेबल लावावं असं लई वाटतंय, पण माझी एकच छोटी गोष्ट पूर्ण झालीय आणि ती पण मराठीत. तिथं कोण वाचणार? (एक मुलगी, पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : लाव गं बाई, नक्की लाव! हैदराबाद आपल्याला जेमतेम 300 किलोमीटर, मुंबईपेक्षा जवळ, आणि पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या वस्तीतली आहेस म्हणजे तेलुगू तुझ्या कानाला नवीन नाही. आपल्या देशात हे कॉन 2011 ला दिल्ली हाटमध्ये सुरू झालं आणि मग मुंबई, बेंगळुरू, हैदराबादला पसरलं, तिथं मोठ्या कंपन्यांच्या स्टॉलशिवाय एक आर्टिस्ट अ‍ॅली असते म्हणजे चित्रकारांच्या टेबलांची गल्ली, तुला जायचंय ते तिथंच. अर्ज काही महिने आधीच मागवतात तेव्हा ती तारीख चुकवू नकोस आणि शक्य असेल तर टेबल दोघींत मिळून घे, खर्चही वाटला जातो आणि एकीला चहाला, बाथरूमला तरी उठता येतं.

आता एकच गोष्ट आहे म्हणतेस, तर ऐक. माझ्या पहिल्या कॉनला माझ्याकडे फक्त एक 8 पानांची पुस्तिका होती, एका कावळ्याची गोष्ट, शब्द एकही नाही. दुपारी एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला, घामेजलेल्या मुठीतून वीसची नोट काढली, पुस्तिका घेतली आणि तिथंच उभ्याउभ्या वाचली. शेवटपर्यंत गेला, मग परत तिसऱ्या पानावर आला आणि बोट ठेवून विचारलं, याच्या पायात दोरा का आहे? अगं तो दोरा मी दोन महिन्यांपूर्वी रात्री एक वाजता काढला होता, त्याच्यावरच सगळी गोष्ट उभी आहे, आणि तोपर्यंत माझ्या घरात, मैत्रिणींत कुणाच्याच तो नजरेत आला नव्हता. आपण वर्षभर एकटीनं खोलीत बसून काढतो ना, आणि मग असा एक वाचक टेबलाच्या पलीकडे दोन फुटांवर उभा राहतो. मी दरवर्षी जाते ती याच्यासाठी, विक्री किती झाली हे मी घरी आल्यावर मोजते.

म्हणून मराठीची काळजी करू नकोस. शब्दांशिवायची गोष्ट कुठंही चालते, आपल्या शि. द. फडणीसांची बहुतेक चित्रं बिनशब्दांचीच आहेत आणि ती कळायला मराठी यावंच लागतं असं नाही. तुझी मराठी गोष्ट तशीच ठेव, सोबत एक बिनशब्दांची कर.

आणि खर्च? एक ए-फोर कागद उभ्यात एकदा दुमडायचा, मग आडव्यात दोनदा, म्हणजे 8 चौकोन पडतात. उलगडून फक्त मधल्या चार चौकोनांच्या मधून, पहिल्या उभ्या घडीवरच एक चीर द्यायची, परत उभा दुमडायचा, दोन्ही टोकं आत ढकलायची, झाली 8 पानांची पुस्तिका, पिन नको की शिलाई नको. आधी कोऱ्या कागदाची एक बनव, पानांवर आकडे टाक आणि उलगडून बघ, वरची ओळ उलटी येते, त्या हिशोबानं चित्रं काढ. एका बाजूची झेरॉक्स पुरते. तोक्योत कोमिकेत नावाचा मेळा भरतो तो 1975 ला सुरू झाला तेव्हा 32 गट आणि सातेकशे माणसं होती, आता लाखोंनी येतात, आणि आजही तिथं मुख्य माल म्हणजे लोकांनी स्वतःच छापलेल्या पुस्तिका.

पप्पा ज्यावर डिझाईन काढतात तो ग्राफ पेपर तू पण वापर. एकेक चौकोन भरून मोर काढायचा ही कला तुझ्या घरात आहे. तशीच चौकोनी कार्टूनं काढ, स्टिकर कर. असं दुसऱ्या कुणाच्या टेबलावर दिसणार नाही.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे. कॉलेज सोडून दिवसभर फोम कापून चिलखत बनवतोय, कॉस्प्ले का काय म्हणतो. हे वेड कधी उतरणार? (एक पालक, जुळे सोलापूर)

उत्तर : काका, कॉलेज बुडवणं मला पण पटत नाही, ते त्याच्याशी स्पष्ट बोला. पण चिलखताला वेड म्हणू नका. आपल्याकडं बहुरूपी दारात यायचा, पोलीस बनून घरच्यांना दम द्यायचा आणि आपण हसत पैसे द्यायचो, भारुडात सोंगं निघतात ती आपण रात्र जागून बघतो. हे त्याच जातीचं आहे, फक्त सोंग कॉमिकमधल्या माणसाचं. एकदा त्याच्याजवळ बसून बघा, फोमचा पॅटर्न आधी कागदावर काढावा लागतो, हीट गननं वाक द्यावा लागतो, कडा घासाव्या लागतात, मग रंगाचे थर, आणि हे सगळं अंगावर घालून दिवसभर चालता आलं पाहिजे. आपलं सोलापूर युनिफॉर्म शिवण्यासाठी देशभर ओळखलं जातं, एखाद्या ओळखीच्या कारखान्यात सुट्टीत त्याला कटिंग मास्तरांच्या हाताखाली पाठवा ना, त्याचं शिवणकाम सुधारेल आणि हातात धंदा पण येईल. शक्य असेल तर एकदा त्याच्यासोबत कॉनला पण जा. लोक परवानगी विचारून त्याच्यासोबत फोटो काढतात तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

प्रश्न : स्पीच बबलमध्ये मराठी अक्षरं बसतच नाहीत, इंग्रजी छान बसतात. काय करू? (अकरावीचा विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : तू आधी फुगा काढतोस आणि मग शब्द कोंबतोस, बरोबर? उलटं कर. आधी अक्षरं लिही, मग त्यांच्याभोवती फुगा काढ. आपल्या लिपीत वेलांटी, मात्रा, रफार वर जातात आणि उकार खाली येतात, इंग्रजी कॅपिटलमध्ये ही भानगडच नाही, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त सोडायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन धडकतो. दुसरं, शब्द ओळीच्या शेवटी तोडू नकोस, वाक्यच लहान कर. "मला असं वाटतंय की आपण आता निघायला पाहिजे" याचं "चल, निघू" होतं आणि फुगा अर्धा होतो, चित्राला जागा मिळते. आणि आवाज इंग्रजीतून कशाला उचलतोस रे! धप्प, फाडकन, खळ्ळ, सुळकन, गपकन, चर्रर्र, एवढी श्रीमंती आहे आपल्याकडं. चादर झटकल्याचा आवाज कसा लिहिशील, करून बघ आणि मला पाठव.

प्रश्न : दुसऱ्यांच्या कॅरेक्टरची चित्रं काढून विकली तर चालतं का? आणि नुसतं फॅन असणं कलाकाराला शोभतं का? (सात रस्ता)

उत्तर : काढायला काहीच हरकत नाही, आपण सगळे तसंच शिकलो, मी वहीभर कॉमिकमधला वेताळ (फँटम) काढलाय. विकणं वेगळं. पात्र ज्याचं आहे हक्क त्याचा, आपल्या कायद्यात चित्रकार गेल्यानंतरही 60 वर्षं हक्क राहतो, तेव्हा परवानगीशिवाय विकणं ही जोखीम आहे आणि टेबल घेताना आयोजकांचे नियम पण नीट वाचायचे. टेबलावर तुझं स्वतःचं पात्र पुढं ठेव.

शोभण्याचं म्हणशील तर चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत वर आले आणि एवढं नाव झाल्यावर सुद्धा माधुरी दीक्षितवर असे फिदा झाले की तिच्या चित्रांची मालिकाच केली, तिला घेऊन पिक्चर पण काढला. कुणाला लपवून नाही, उघडपणे. तू पण उघडपणे फॅन रहा, आणि पुढच्या वेळी पत्रासोबत एक चित्र पाठव, तुझ्या स्वतःच्या पात्राचं.