आणीबाणीसाठी घरात सहा महिन्यांचा शिधा ठेवायचा तर काय घ्यावं आणि ते टिकवावं कसं?

बादल्या मागवू नका.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, घरात चार माणसं, त्यात सासऱ्यांना मधुमेह. परदेशी व्हिडिओ बघून पंचवीस वर्षं टिकणाऱ्या तयार जेवणाच्या बादल्या घ्यायचा विचार चाललाय. पण ते वाळवलेलं सूप आणि पास्ता खायचा तर पाणी लागतं, बहुतेक वेळा उकळतं. आणि घरात कुणी कधी चाखलेलं नाही असं जेवण अडचणीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसापुढे ठेवलं तर ते ताट तसंच परत येणार. आमचं सांगलीत किराणा-भुसाराचं दुकान आहे, त्यामुळे मी धान्याची बाजू घेणारच, हे गृहीत धरून पुढचं वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे: तुमच्या घरात जे रोज शिजतं तेच जास्त आणा, नवीन आणलेलं मागे ठेवा आणि जुनं आधी संपवा. आणीबाणीचा म्हणून वेगळा, हात न लावायचा साठा केला की तो किड्यांच्याच कामी येतो.

आधी अडचण कुठली येणार ते ठरवा, कारण तिचे दोन अगदी निराळे प्रकार आहेत. मार्च 2020 ला टाळेबंदी लागली तेव्हा वीज होती, नळाला पाणी होतं, गॅस येत होता. तुटवडा होता तो दुकानापर्यंत जाण्याचा आणि माल येण्याचा. तिथे पोतंभर गहू कामाला आला. ऑगस्ट 2019 चा आमच्याकडचा महापूर याच्या बरोब्बर उलटा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांच्या वर. वीज बंद, म्हणून पंप बंद, म्हणून टाकीत पाणी नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस पाण्याखाली, त्यामुळे दूध, भाजी, पेट्रोल सगळंच अडलेलं. घरात धान्य असूनही लोक अडले, कारण ते शिजवायचं कशावर आणि कशात?

म्हणून धान्याच्या आधी पाणी आणि इंधन. फक्त पिण्यापुरतं आणि थोड्या स्वयंपाकापुरतं म्हटलं तरी माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरावं लागतं. चौघांचं आठवड्याचं झालं 84 लिटर, म्हणजे वीस लिटरचे चार जार आणि वर थोडं. हे पाणी दर काही महिन्यांनी बदला, आणि क्लोरीनच्या गोळ्यांचं एक पाकीट जवळ असू द्या. गॅसचं म्हणाल तर 14.2 किलोचा दुसरा सिलिंडर भरलेला असणं ही सगळ्यात स्वस्त तयारी. इंडक्शनवर विसंबू नका. रॉकेल-पेट्रोल फ्लॅटमध्ये साठवण्याचा विचारही नको. डाळ-तांदूळ तासभर भिजवून कुकर लावला, एक शिट्टी झाल्यावर गॅस बंद केला आणि कुकर जाड गोधडीत गुंडाळून ठेवला की उरलेलं शिजण्याचं काम आतली वाफ करते. सिलिंडर नेहमीपेक्षा बराच पुरतो.

आता हिशेब. मदतकार्यात माणशी दिवसाला 2100 कॅलरी हा आकडा धरतात. तो आपल्या जेवणात बसवायचा तर साधारण 400 ग्रॅम धान्य, 80 ग्रॅम डाळ, 35 ग्रॅम तेल आणि 30 ग्रॅम गूळ किंवा साखर. म्हणजे महिन्याला माणशी 12 किलो धान्य, अडीच किलोच्या आतबाहेर डाळ, किलोभर तेल, किलोभर गूळ. (रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, ते या हिशेबात निम्म्याहून कमी भरतं.) चौघांचं सहा महिन्यांचं धान्य झालं 288 किलो. तेवढं फ्लॅटमध्ये ठेवाल कुठे, आणि ठेवलंत तरी पावसाळ्यात त्याची निगा कोण राखणार? माझ्या मते शहरातल्या घराला दोन महिन्यांचा साठा भरपूर झाला. त्यापुढची आपत्ती असेल तर धान्यापेक्षा गावाकडचं घर जास्त उपयोगी पडेल.

काय घ्यायचं? पहिला मान तांदळाला. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ जितका जुना तितका मोकळा शिजतो. हातसडीचा किंवा ब्राऊन तांदूळ तब्येतीला चांगला असेल, पण त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि काही महिन्यांत तो खवट होतो. तो रोजच्यापुरताच ठेवा. गहू अख्खा असेल तर वर्षभर सहज टिकतो, पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: वीज गेली की गिरणीही बंद. जातं आता कुणाच्या घरी उरलंय? म्हणून गव्हाच्या जोडीला दहा किलो पीठ, थोडा रवा आणि दलिया हवाच. पीठ मात्र महिना-दोन महिन्यांत संपवायचं. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडू व्हायला लागतं, ज्वारीचंही फार दिवस काढत नाही. ही दोन्ही दाण्याच्याच रूपात ठेवा. अगदीच गिरणी नसेल तर गव्हाच्या घुगऱ्या करता येतात, गूळ घातला की मुलं खातात.

डाळी आणि कडधान्यं यांत डाळीला झुकतं माप द्या. कडधान्यातला भुंगा बहुतेकदा शेतातूनच अंड्याच्या रूपात येतो आणि त्याला अख्खा दाणा लागतो. डाळ भरडली की त्याची सोय संपते. शिवाय डाळ लवकर शिजते. जुना हरभरा किंवा राजमा उकाड्यात वर्ष-दीड वर्ष पडून राहिला की तासन्‌तास उकळला तरी मऊ होत नाही, आणि गॅस मोजून वापरायच्या दिवसांत हे परवडणारं नाही. मूगडाळ आणि मसूरडाळ सगळ्यात कामाच्या. शेंगदाणे सोललेले थोडेच घ्या, शेंगा असतील तर उत्तम. बुरशी दिसली, कडवट लागले, तर निवडत बसू नका, सगळे टाकून द्या. त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही. तेल लिटरच्या पिशव्यांत घ्या, पंधरा लिटरचा डबा एकदा उघडला की हवा लागतच राहते.

टिकवण्याचं सगळं गणित ओलाव्यावर आहे. गहू दाताखाली कट्टकन तुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन हवं. याहून खात्रीची परीक्षा घरीच होते. काचेची कोरडी बरणी घ्या, तिच्यात दोन चमचे कोरडं बारीक मीठ टाका, एक तृतीयांश भरेल इतकं धान्य घाला, मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटून बसलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, ते धान्य भरायचं नाही. मीठ खाली सुटं राहिलं तरी हवाबंद डब्यासाठी आणखी एक ऊन द्या, कारण तिथे बारा टक्के किंवा त्याहून कमी ओलावा लागतो. ऊन दिलेलं धान्य रात्रभर पसरून गार होऊ द्या. गरम गरम भरलं की डब्याला आतून घाम फुटतो आणि तळाशी गोळे होतात. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवू नका, दाणा चिरतो; तो सावलीत पंख्याखाली वाळवा.

हवाबंद ठेवण्याचं तत्त्व तुम्ही मायलर पिशव्यांच्या (हवा आत न शिरू देणाऱ्या चकचकीत जाड पिशव्या) व्हिडिओत पाहिलं असेल: आतला ऑक्सिजन संपला की किडा जगत नाही. आमच्या शेजारच्या हरिपूरला हळद याच तत्त्वावर साठवत आलेत. जमिनीत खोल पेव खणायचं, हळद भरायची, तोंड मातीने बंद. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही, आतली हवा माणसाचा जीव घेण्याइतकी जड झालेली असते. तोंड उघडं ठेवून ती निघून जाऊ देतात, मगच उतरतात. वर्षानुवर्षं टिकणारी ही पेवं हरली ती पाण्यापुढे, 2005 च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरून माल गेला. तुम्हाला फ्लॅटमध्ये एवढं करायची गरज नाही. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे किंवा जाड प्लास्टिकचे ड्रम काठोकाठ भरा, म्हणजे वर हवेला जागा कमी राहते. मायलरच्या पिशव्या आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या हव्या असतील तर फक्त खडखडीत वाळलेल्या धान्यासाठी वापरा. ओलसर पदार्थ तसा बंद केला तर हवेविना वाढणारे विषारी जंतू त्यात वाढू शकतात.

अख्खी कडधान्यं ठेवायचीच असतील तर किलोमागे चमचाभर तेल चोळा. एरंडेल चालतं, खायचं कुठलंही चालतं. भुंग्याची अंडी त्या थराखाली गुदमरतात. पाच-सहा किलोपर्यंतच्या मालाला याहून सोपा उपाय म्हणजे फ्रीजर. पिशवी घट्ट बांधून चार दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला. ओला पाला म्हणजे आपल्याच हाताने बुरशीला आमंत्रण.

औषधांबद्दल स्पष्टच लिहितो. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, पण ती विषारी आहे; लावलीत तर तीन-चार पाण्यांतून धुवावं लागतं, आणि पाणीच मोजून वापरायच्या वेळी हे कसं जमणार? पाऱ्याच्या गोळ्या मी घरच्या डब्यात ठेवत नाही. आणि गोदामात वापरतात त्या अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी 'एक टाक, वर्षभर बघायला नको' म्हणून दिल्या, तर घरात पाऊलही ठेवू देऊ नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात झोपलेली माणसं, विशेषतः मुलं, त्याने दगावलेली आहेत.

साठ्यातला एक खण न शिजवता खायच्या वस्तूंचा असू द्या, तीन दिवसांचा. आपल्याकडे याची ददात नाही: फुटाणे, चुरमुरे, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, भिजवून खायचे पातळ पोहे, मेतकूट, लोणचं. सातूचं पीठ तर गार पाण्यात गूळ किंवा मीठ घालून कालवलं की जेवण झालं. हे सगळं एका पिशवीत, काडेपेटी, चाकू आणि टॉर्चसकट ठेवा, कारण घर सोडायची वेळ आली तर हीच पिशवी उचलायची आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी साठा माळ्यावर ठेवावा. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य वाळवून खायचं नाही, त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं.

सासऱ्यांचं वेगळं बघावं लागेल. मधुमेहाच्या माणसाला साखर वाढण्याची भीती सगळ्यांनाच असते, पण अशा दिवसांत गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण मिळालं नाही तर साखर एकदम उतरते, तो धोका तातडीचा. त्यांच्या उशाशी ग्लुकोज किंवा साखर हवीच. त्यांच्या वाट्याला फुटाणे, मूगडाळ, ज्वारी, दलिया जास्त आणि चुरमुरे-पोहे कमी असं बघा. महिन्याभराची औषधं जादा ठेवा. इन्सुलिन असेल तर वीज नसताना ते किती दिवस आणि कसं ठेवायचं हे डॉक्टरांना आताच विचारून डब्यावर लिहून चिकटवा.

खरेदी एका दमात करू नका. तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात नवी येते, गहू मार्च-एप्रिलमध्ये, आणि लगेच पुढे वाळवायला ऊनही असतं. तोवर या महिन्यात पाण्याचे जार, दुसरा सिलिंडर आणि ती तीन दिवसांची पिशवी एवढं करा. पुढच्या महिन्यापासून किराण्याच्या यादीत दहा किलो तांदूळ आणि दोन किलो मूगडाळ जादा लिहीत चला. प्रत्येक डब्यावर भरल्याचा महिना मार्करने टाका, आणि मृगाच्या आधी एकदा, दिवाळीच्या साफसफाईत एकदा, सगळे डबे उघडून तळापर्यंत हात घालून बघा. तळाचं धान्य हाताला कोमट लागलं तर आत किडा किंवा बुरशी सुरू झालीय. ते त्याच दिवशी उपसून पसरा.